अंबाझरीवर पावणेदोन तास

मे महिन्यात नागपूरला लग्न ठेवणाऱ्यांबद्दल मला काही बोलायचं नाही, कारण ते नवऱ्याचे सख्खे मावसभाऊ आहेत. चार दिवसांतले तीन हॉल, कूलर, जेवण आणि पुन्हा कूलर यांत गेले. ‘घ्या न, घ्या न’ करत ताटात जे पडलं ते मुकाट्यानं खाल्लं. चौथ्या दिवशी पहाटे, सगळे झोपेत असताना, अंबाझरी तलावावर पळाले.

सहालाच ऊन टोचायला लागलं होतं. काठावर सत्तरीचे एक काका बसले होते. डोक्याला दुपट्टा, मांडीवर बोर्ड, बाजूला इस्त्रीवाल्याकडे असतो तसा पाण्याचा फवारा. जलरंगात तलाव काढत होते. मी मागे जाऊन उभी राहिले. लोकलमध्ये दुसऱ्याच्या पेपरात डोकवावं तसंच हे, पण सवय जात नाही.

पाण्यापलीकडे रस्त्याच्या कडेनं मेट्रोचा पूल गेलाय. मला तो बघूनच वैताग आला होता. इतकं छान पाणी आणि मध्येच ते काँक्रीट! काकांनी मात्र तो पूल काढला होता. मी न राहवून म्हटलं, "काका, हा गाळला असता तर?"

"गाळून पाह्य बरं," म्हणत त्यांनी अंगठ्यानं चित्रातला पूल झाकला. पाणी एकदम तिरकं दिसायला लागलं, कागदावरून सांडेल असं. अंगठा काढला, पाणी पुन्हा सपाट. "ती आडवी रेघ आहे म्हणून तलाव बसून राहिला. मी काय मेट्रोचं चित्र काढून राहिलो का?"

मग आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा एकसलग हात. ब्रश डावीकडून निघून उजवीकडे पोचेपर्यंत डावीकडचा रंग वाळलेला, आणि मधोमध करवतीसारखी कडा. फवारा मारला, तरी तेच. काकांनी शिवी दिली, मग मी आहे हे आठवून "माफ कर बेटा" म्हणाले. मेमध्ये इथं साडेसातनंतर जलरंग होत नाही, म्हणाले. मग पावसाळ्यात का काढत नाही? तर पावसाळ्यात सगळेच काढतात. त्यांना म्हणे हे पांढरं, रंग उडालेलं, कंटाळवाणं ऊनच हवं असतं. हे मला आजही पटलेलं नाही.

बिघडलेला कागद त्यांनी चिमटे काढून उचलला, तर खाली पुठ्ठ्यासारखा आणखी एक जुना कागद. तेही हेच तळं. म्हणजे, होतं. झाडं, बांध, माती पार धुऊन निघालेली, तपकिरी डागांच्या लाटा आणि वर एक थंड निळं आकाश जसंच्या तसं.

२३ सप्टेंबर २०२३. त्या रात्रीच्या पावसात अंबाझरी ओसंडली आणि अंबाझरी लेआउटमधल्या घरांत पाणी शिरलं. काकांचं घर तिथलंच. चाळीस वर्षांची चित्रं तळमजल्यावरच्या कपाटात होती. "पहाटे पलंगापाशी पाणी आलं तेव्हा कळलं." जलरंगात काही रंग कागदाला घट्ट धरतात, काही नुसते वर बसतात, हे त्यांनी मला या कागदावर बोट ठेवून दाखवलं. आकाशातला थॅलो निळा हलला नाही. बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन, सगळे गेले.

"तेव्हापासून थॅलो बंद केला," काका म्हणाले.

मला वाटलं, उलट व्हायला हवं होतं. टिकणारेच रंग घ्यायला हवेत ना?

"सुटणारा रंगच पाहिजे न. ओल्या ब्रशनं उचलला की खालचं ऊन निघते. हा निळा काही केल्या सुटतच नाही, बाप्पा." पुराचं दुःख सांगतील म्हणून मी चेहरा तयार ठेवला होता, तो तसाच राहिला.

मध्येच चित्रकार रझांवर आले. सय्यद हैदर रझा १९३९ ते १९४३ नागपूरच्याच कलाशाळेत शिकले, सुरुवातीला निसर्गचित्रंच काढत होते. "मंडल्याचं जंगल पाहिलेला माणूस. शेवटी सगळं एका बिंदूत बसवलं. मला एक तळं बसवता येऊन नाही राहिलं." हे तक्रारीच्या सुरात, जणू रझांनी त्यांच्याआधी नंबर लावला.

मी तो पुराचा कागद विकत मागितला. नाही म्हणाले, बोर्डाखाली बरोबर बसतो तो. मग बिघडलेलं आकाश मागितलं. ते हसले, "कागदाचे दीडशे दे."

मी पाचशेची नोट दिली आणि उरलेल्या साडेतीनशेची वाट बघत उभी राहिले. त्यांनी दोन्ही खिसे चाचपले, फवारा खाली ठेवला, पलीकडच्या चहावाल्याकडे जाऊन सुटे करून आणले. तेवढ्यात सूर्य वर आला आणि त्यांची सकाळ संपली. याची लाज मला रात्रीच्या गाडीत, वर्धा गेल्यावर वाटली.