टेइलोचे दगड

वेल्समधलं संत टेइलोचं जुनं चर्च उचलून संग्रहालयात नेलं, हे तिला सांगत होतो. ती सहज म्हणाली, "मग मूळ जागी काय उरलं?" तेव्हापासून डोक्यात तेच.

लखर नदीकाठच्या लँडेइलो ताल-इ-बोंतचं चर्च. जमीन पाणथळ, मोठ्या भरतीला पाणी थेट आवारात. वस्ती पोंटारदिलाइसकडे सरकली, १९७०च्या दशकात उपासना थांबली. छताकडे दुर्लक्ष झालं की चुन्याचे थर भिजून सुटायला लागतात. इथे त्याच थरांखालून सोळाव्या शतकातल्या प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेआधीची भित्तिचित्रं निघाली. मग एकेक दगड उतरवून सगळं कार्डिफजवळच्या सेंट फॅगन्सच्या खुल्या संग्रहालयात नेलं. उभारणीला वीसेक वर्षं लागली आणि २००७ साली ते खुलं झालं, १५३०च्या सुमाराच्या रूपात, नव्याने रंगवलेल्या चित्रांसकट. सांधे चुन्याचेच हवेत. सिमेंट ओल कोंडून धरतं आणि दगडाचा पापुद्रा सुटतो. काम चोख आहे, तक्रार करायला जागा नाही. तरी पोटात तुटतंच.

का तुटावं? टेइलो सहाव्या शतकातला. त्याच्या काळात कुंपण घातलेलं आवार आणि आत लाकूड-कुडाची झोपडी, एवढंच असायचं. दगडी भिंती कित्येक शतकांनंतरच्या. लँडेइलो म्हणजे टेइलोचं आवार. नाव आवाराला चिकटलेलं, आणि आवार, थडगी तिथेच आहेत. पटतं, पण समाधान होत नाही. मोठं लँडेइलो हे वेगळं गाव, तिथल्या टेइलोच्या वेदीवर गेल्ही नावाच्या माणसाने आपला सर्वोत्तम घोडा देऊन मिळवलेला शुभवर्तमानाचा ग्रंथ अर्पण केला, तोही हजारेक वर्षं इंग्लंडमधल्या लिचफील्डलाच. त्याच्या समासात वेल्शमधल्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी एक आहे, जमिनीच्या भांडणाची! टेइलो बिचाऱ्याचं काहीच जागेवर का राहू नये...

फ्रान्सच्या ब्रिटनीतल्या लांदेलोत मात्र पेंटेकॉस्टच्या सणाला त्याचे अवशेष घेऊन हद्दीची फेरी निघते. हरणावर बसून रात्रीत जेवढं फिरला तेवढी जमीन त्याची, अशी कथा. तिकडचं पुन्हा कधी.

आणि टेइलोचा देह? त्यावर वेल्समधल्या तीन चर्चांचा दावा. पेनॅली म्हणे पूर्वज इथे पुरलेत, मोठं लँडेइलो म्हणे मेला इथे, लँडाफ म्हणे आमचा बिशप. रात्रभर प्रार्थना झाली, सकाळी एकसारखे तीन देह! खरा अर्थात लँडाफला मिळाला. ही हकिकत लिहून ठेवणारा बाराव्या शतकातला ग्रंथ लँडाफचाच, तिथल्या बिशप अर्बनच्या जमिनीच्या दाव्यांसाठी रचलेला. त्या ओढाताणीत ताल-इ-बोंतचं नावही नाही. त्यांनी कधी हक्क सांगितला नाही आणि मी त्यांच्या वतीने फुरंगटून बसलोय.