नावाला लागलेला बट्टा

पोराने काही दिवे लावले की 'घराण्याच्या नावाला बट्टा लागला' असं आपण म्हणतो. हा बट्टा मूळचा सराफाच्या पेढीवरचा. १८३५ साली कंपनी सरकारने एकसारखा रुपया आणला. त्याआधी, आणि नंतरही काही काळ, अंकुशी, चांदवडी, हाली सिक्का अशी वेगवेगळ्या टाकसाळींची नाणी बाजारात फिरत. सगळी चांदीचीच, पण कस वेगळा, झीज वेगळी. परमुलखातला रुपया मोडायला आणला की सराफ जेवढी किंमत कापून घेई, तो बट्टा. पारख करताना सराफ नाण्यावर बारीक खूण ठोकत, आणि खुणा वाढल्या की बट्टाही वाढे. तपासणाऱ्यानेच डाग द्यायचा आणि डागाचे पैसेही त्यानेच कापायचे!

सांगलीच्या सराफ कट्ट्यावर आता चांदीचे रुपये मोडायला फारसं कुणी येत नसेल, पण त्या धंद्याची भाषा बाकी सगळ्या गावात खेळते आहे. रुपया दगडावर आपटून बघत. चांदी चांगली असेल तर आवाज लांबत जाई, आत शिसं भरलेलं असेल किंवा चीर असेल तर तो जागीच मरे. पहिला खणखणीत, दुसरा बद्द. सभेतल्या भाषणाला आपण हीच परीक्षा लावतो.

खरी श्रीमंती मात्र 'कस' या शब्दाची. काळ्या, बारीक पोताच्या कसोटीच्या दगडावर दागिना घासायचा. शेजारी ठाऊक असलेल्या कसाच्या सुईची रेघ ओढायची आणि दोन्ही रेघांचा रंग ताडायचा. मग वर तेजाबाचा, म्हणजे नायट्रिक ॲसिडचा, थेंब. पितळेची रेघ हिरवट होऊन विरघळते, सोन्याची टिकते. फसगत होते ती बहुधा दागिन्यामुळे नव्हे, घाईमुळे. मुलामा दिलेला दागिना वरवर घासला तर रेघ सोन्याचीच उठते. म्हणून आडबाजूला कानशीने खोल घासून मग कस घ्यायचा. डाकाच्या, म्हणजे सांधा जोडायला वितळवलेल्या धातूच्या, जागी रेघ ओढली तर चांगलं सोनंही हलकं दिसतं, कारण लवकर वितळावा म्हणून डाक कमी कसाचाच करतात. दगडावर तेलकटपणा किंवा जुनी रेघ राहिली असेल तर निकाल तिचाच लागतो. आजचं एक्स-रेवर चालणारं यंत्र आकडे दशांशात देतं, पण तेही वरचा पातळ थरच वाचतं. जाड मुलामा त्यालाही चकवतो.

या एका दगडाने मराठीला किती दिलं! हीन कसाचं ते हिणकस. आता ते शेऱ्यालाच जास्त चिकटलंय. अव्वल ते बावनकशी. जमिनीचा कस, सकस आहार, कसोटी सामना, सगळी याच घरची माणसं. 'निकष' म्हणजे संस्कृतात हाच दगड. बदलीचे निकष, अनुदानाचे निकष असं रोज वाचतो आपण, आणि कधी कधी वाटतं, तिथेही आधी जुन्या रेघा पुसायला हव्या होत्या.

वजनांचं मूळ तर परसात आणि कोठीत सापडतं. गुंज हे वेलीवरचं लाल बी, मासा म्हणजे माष, उडीद. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. ११.६६ ग्रॅमचा तो तोळा आणि कंपनीच्या रुपयाचं वजन एकच, म्हणून 'रुपयाभार' हे मापच झालं. आता दुकानात तोळा म्हणजे १० ग्रॅम. आजीच्या 'पाच तोळ्यांच्या' पाटल्या जुन्या हिशोबाने ५८.३ ग्रॅम भरायला हव्यात. त्या ५६ भरल्या तर नातवाला फायदा झाल्यासारखं वाटतं, प्रत्यक्षात ती झीज असते. पोकळ दागिना असेल तर आतली लाख आधी काढून मग काट्यावर ठेवावा, हे वेगळं सांगायला नको.

सांगली जिल्ह्यातल्या विटा-खानापूर भागाने तर हा धंदा देशभर नेला. तिथले गलाईवाले दूरदूरच्या शहरांतल्या सराफ बाजारांत सोनं-चांदी गाळतात. जुनं सोनं शुद्ध करायचं तर आधी त्यात मुद्दाम चांदी मिसळतात, एक भाग सोन्याला सुमारे तीन भाग. रस पाण्यात ओतून दाणे पाडतात आणि तेजाबात उकळतात. चांदी आणि तांबं विरघळतं, खाली तपकिरी भुकटी उरते. चांदी कमी पडली तर तेजाब आतपर्यंत पोचत नाही आणि सोनं अर्धवट शुद्ध राहतं. फार झाली तर भुकटी इतकी बारीक पडते की पाणी निथळताना निसटते. धुऊन, टाकणखार (बोरॅक्स) घालून आटवली की ती पिवळी होते. त्याला म्हणायचं चोख. चोख हिशेब, चोख बंदोबस्त यातला चोख तोच; आणि चोखंदळ गिऱ्हाईकही त्याच्याच नात्यातलं, जे नेमकं डाकाच्या जागीच बोट ठेवतं.