पीएफओचा निळा निळाच राहावा म्हणून : माझा अनुभव

पीएफओ, म्हणजे पॉलिडायऑक्टिलफ्लोरीन हे निळा प्रकाश देणारं पॉलिमर, वापरून ओएलईडी (सेंद्रिय पदार्थाच्या पातळ थराचा दिवा) केला की पिक्सेल आधी छान निळा पेटतो आणि बघता बघता पांढुरका-हिरवट पडतो. प्रकाशाच्या स्पेक्ट्रममध्ये ४२५-४४० नॅनोमीटरच्या शिखरांशेजारी ५३० च्या आसपास एक पसरट उंचवटा येतो. तो फ्लोरेनोन या दोषाचा. साखळीतल्या नवव्या कार्बनचं ऑक्सिडीकरण झालं की तिथे कीटोन बसतो. अशा जागा शंभरात एकीपेक्षा कमी असल्या तरी पुरतात, कारण ऊर्जा घरंगळत तिथेच जाते.

आयटीओची (पारदर्शक, वीजवाहक थराची) काच साबणाचं पाणी, डीआय (आयन काढलेलं) पाणी, अ‍ॅसिटोन, आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) अशी अल्ट्रासोनिकमध्ये प्रत्येकी १५ मिनिटं, मग तेवढाच वेळ यूव्ही-ओझोन. पेडॉट-पीएसएस (वीजवाहक पॉलिमर) ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून काचेवर ४००० आरपीएमवर फिरवून पसरवायचं. १४० अंशांवर १५ मिनिटं सुकवायचं. इथवर हवेत चालतं. पुढचं सगळं नायट्रोजनच्या ग्लोव्हबॉक्समध्ये, ऑक्सिजन आणि पाणी १ पीपीएमखाली.

पीएफओ टोल्यूइनमध्ये मिलिलिटरला १० मिलिग्रॅम, ६० अंशांवर तासभर ढवळतो. गार खोलीत रात्रभर ठेवलेलं द्रावण दाटतं, बीटा-फेज (साखळ्या सरळ, सपाट होण्याची अवस्था) वाढते आणि फिल्टर तुंबतो. म्हणून कोमट असतानाच पीटीएफई (टेफ्लॉन) फिल्टरमधून गाळून २००० आरपीएमवर ६० सेकंद. ८० अंशांवर १० मिनिटं, बस. कॅथोडला लिथियम फ्लोराइड १ नॅनोमीटर, वर अ‍ॅल्युमिनियम १००. फ्लोराइड अगदी सावकाश चढवायचं. थर जाड झाला तर तो इन्सुलेटरच, आणि पेटायचा व्होल्टेज वाढतो.

हिरवा कुठून आला हे शोधताना द्रावणाचा स्पेक्ट्रम बघून समाधान मानू नका. विरळ द्रावणात साखळ्या एकमेकींपासून लांब असतात, दोष लपून राहतो. फिल्मचाच पीएल (प्रकाश टाकून मिळणारा उजेड) घ्या. ताजी फिल्मच हिरवट असेल तर बहुधा पॉलिमरचा लॉट खराब: मोनोमरमध्ये एकच अल्किल साखळी असलेलं फ्लोरीन राहिलं की ते सहज ऑक्सिडाइज होतं. फिल्म स्वच्छ आणि दिवा हिरवा, तर मात्र लगेच सीलमधून हवा गळतेय असं म्हणू नका. फ्लोरेनोनवर विद्युतभारही अडकतात, त्यामुळे पीएलमध्ये न दिसणारा दोष ईएलमध्ये (वीज देऊन मिळणाऱ्या उजेडात) उठून दिसतो. पहिल्या सेकंदाचा आणि दहाव्या मिनिटाचा ईएल शेजारी ठेवा. उंचवटा वाढत असेल तरच सीलिंग तपासा.

सीलिंगचीही एक गंमत: इपॉक्सी पक्का करायचा यूव्ही दिवाच पिक्सेल जाळतो. मी पिक्सेलवर फॉइलचा तुकडा ठेवून फक्त कडा उघड्या सोडतो.