हद्दीलगतची रिटेनिंग वॉल आणि शेजाऱ्यांची संमती : माझा अनुभव

हद्दीजवळ रिटेनिंग वॉल, म्हणजे उंच बाजूची माती अडवून धरणारी भिंत, बांधायची म्हटलं की बहुतेक जण शेजाऱ्याकडे नकाशा घेऊन जातात. वरून काढलेल्या नकाशात भिंत म्हणजे नुसती एक रेघ. त्या रेघेवर कुणी हरकत घेत नाही, आणि मग खोदाई सुरू झाली की भांडण पेटतं. म्हणून मी आधी आडवा छेद, म्हणजे जमीन आणि भिंत कापून बाजूने पाहिल्यासारखं चित्र, दाखवतो : दोन्हीकडच्या जमिनीच्या पातळ्या, पाया, खोदाईची तिरकी रेघ, वरचं कुंपण आणि पाणी कुठून कुठे जाणार ते. डिझाइन पक्कं व्हायच्या आधी, पेन्सिलीत असतानाच.

त्याआधी हद्द मोजून घ्यावी लागते. जुनं कुंपण म्हणजे हद्द नव्हे. ते कधीकाळी सोयीने घातलेलं असू शकतं. मोजणीच्या खुणा जागेवर दोन्ही पक्षांना दिसल्या की निम्मे वाद तिथेच मिटतात. पातळ्या मात्र शेजाऱ्याच्या बाजूलाही दोन-तीन मीटर आतपर्यंत घ्याव्या लागतात, त्यामुळे पहिली परवानगी मागायची ती भिंतीची नाही, पातळ्या घ्यायला आत येण्याची.

आता तुमची जमीन वर आहे की खाली, यावर पुढचं बरंचसं ठरतं.

तुम्ही खाली असाल तर शेजाऱ्याची माती तुम्ही अडवणार. भिंत १.५ मीटरची आणि पाया आणखी अर्धा मीटर खाली, म्हणजे खोदाई २ मीटर. ती एकास एक उताराने (जेवढी खोल तेवढीच आडवी) कापली तर वरच्या टोकाला शेजाऱ्याच्या अंगणात २ मीटर घुसते. नकाशावर ही गोष्ट कुठेच दिसत नाही. पर्याय तीन : लेखी परवानगी घेऊन त्यांच्याकडे खोदायचं आणि नंतर पूर्ववत करून द्यायचं, भिंत तेवढी आपल्या बाजूला सरकवायची, किंवा एक-सव्वा मीटरचे तुकडे एकाआड एक खोदून बांधत जायचं. तिसरा पर्याय वेळखाऊ आहे आणि माती भुसभुशीत असली तर तोही धोक्याचा. शेजाऱ्याच्या घराच्या पायाच्या तळाच्या कडेपासून ४५ अंशांची रेघ खाली काढून पाहा. तुमची खोदाई त्या रेघेला छेदत असेल, तर इंजिनीअरने त्या पायाची तपासणी केल्याशिवाय पुढची बोलणीच करू नयेत.

पायाचंही तसंच. आरसीसी भिंतीच्या पायाची रुंदी साधारण उंचीच्या निम्म्यापासून दोन-तृतीयांशापर्यंत लागते. तो पाया हद्दीपलीकडे सरकता कामा नये. सगळा आपल्याच बाजूला ठेवला की तो जास्त रुंद आणि महाग होतो; तो खर्च आपला.

तुम्ही वर असाल आणि भराव घालणार असाल, तर शेजाऱ्याचे खरे प्रश्न दोन : उंची आणि पाणी. उंची त्यांच्या जमिनीवरून सांगा. १.५ मीटर भिंत आणि तिच्यावर १.८ मीटर कुंपण म्हणजे त्यांच्या अंगणातून ३.३ मीटर. ‘दीड मीटरची भिंत’ एवढंच सांगणं ही फसवणूकच झाली. दोन बांबू रोवून त्या उंचीवर दोरी बांधली की सावली कुठवर येईल, खिडकीतून काय दिसेल, ते कागदापेक्षा चटकन कळतं.

पाण्याबद्दल मी आकडे मांडतो. उंची दुप्पट झाली की कोरड्या मातीचा एकूण रेटा चौपट होतो आणि भिंत उलथवणारा जोर आठपट. त्यात मागे पाणी साचलं तर त्याच उंचीच्या भिंतीवरचा रेटा दुपटीच्या आसपास जातो. पडलेल्या भिंतींमागे बहुधा हेच कारण सापडतं. पण उपाय म्हणून नुसती वीप होल (पाणी बाहेर पडायला भिंतीत ठेवलेली भोकं) ठेवली तर ते पाणी थेट शेजाऱ्याकडे पडतं. म्हणून भिंतीमागे ३०० मिमी स्वच्छ खडी, भोवती जिओटेक्स्टाईल (पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड), तळाशी १०० मिमीचा सच्छिद्र पाईप शंभरास एक उताराने, आणि त्याचं तोंड आपल्याच हद्दीत, साफ करता येईल अशा चेंबरमध्ये. छेदात हे तोंड दाखवलेलं नसेल तर शेजाऱ्याने सही करू नये, असं मी स्वतःच सांगतो.

चर्चेत विचारायचंही तितकंच असतं. पावसात पाणी कुठे तुंबतं, बुजवलेली विहीर किंवा जुना भराव आहे का, पाईप आणि केबल कुठून गेल्या आहेत, हे शेजाऱ्याइतकं कुणालाच माहीत नसतं. वरच्या बाजूचा शेजारी पुढे काय ठेवणार आहे तेही विचारा. गाडीचा भार चौरस मीटरला ५ किलोन्यूटन (साधारण ५०० किलो वजन) धरला तर तो जेमतेम ३० सेंमी जादा मातीएवढा. पण दोन मीटर खोल पाण्याची टाकी म्हणजे मीटरभराहून जास्त माती. हे आधी कळलं तर डिझाइनमध्ये धरता येतं. हद्दीवरच्या झाडांची मुळं एका बाजूने तोडली तर झाड नंतर वाऱ्यात कोसळू शकतं, तेव्हा तेही छेदावर आलं पाहिजे.

कागदपत्रांत गफलत होते ती सहीवरून. सही सगळ्या सहमालकांची हवी. भाडेकरूला माहिती द्या, पण त्याची सही म्हणजे मालकाची संमती नव्हे. संमतीपत्रावर आराखड्याचा क्रमांक आणि तारीख हवी. नंतर उंची २० सेंमीने वाढली तरी नवी सही. आत येण्याचे दिवस, कुंपण कोण परत उभारणार, चेंबर कोण साफ करणार, हे त्यातच लिहा. उत्तर आलं नाही तर प्रत दिल्याची पोच जपून ठेवा. गप्प बसणं म्हणजे होकार नाही. शेजाऱ्याची संमती आणि बांधकामाची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकीने दुसरीची गरज संपत नाही.

खोदाईआधी दोघांनी मिळून शेजारच्या भिंतींचे, फरशीचे फोटो काढावेत. जुन्या तड्यांशेजारी पट्टी धरून, तारीख घालून, दोघांच्या सह्या. आणि भराव घालण्याआधी शेजाऱ्याला पाईप आणि खडी पाहायला बोलवा, कारण एकदा बुजलं की कुणालाच तपासता येत नाही. भराव १५० ते २०० मिमीच्या थरांत, आणि भिंतीपासून मीटरभर अंतरात फक्त हाताने चालवायचा हलका कॉम्पॅक्टर (माती दाबून घट्ट करायचं यंत्र). जड रोलर तिथे आणला तर भिंत पुढे ढकलली जाते.