भाचीच्या कंपाउंड बोचं ड्रॉ वेट कमी करताना झालेला गोंधळ

भाची साडेअकरा वर्षांची, अंगानं काडी, आणि तिला हवा होता कंपाउंड बोच, म्हणजे टोकांना चाकं असलेलं धनुष्य, बिनचाकांचा रिकर्व्ह नको, कारण चाकंवाला भारी दिसतो. मुलांसाठीचाच एक वापरलेला बो मिळाला, त्यात वजन (म्हणजे ड्रॉ वेट, दोरी ओढायला लागणारा जोर) आणि ड्रॉ लेंथ (दोरी किती मागे येते ती लांबी) दोन्ही बऱ्यापैकी खालीवर करता येतं. पण आधी ज्यानं वापरला त्यानं तो पार आवळून ठेवला होता. पहिल्या दिवशी हिनं ओढायला घेतला तर दोरी अर्ध्यात अडकली, खांदे कानाला टेकले, तोंड लालबुंद आणि वर "जमतंय मामा, जमतंय". काही जमत नव्हतं.

मला वाटलं ॲलन की घ्यायची, वरखालचे दोन बोल्ट सैल करायचे, पाच मिनिटांचं काम. दोन संध्याकाळी गेल्या. चुका सगळ्या माझ्याच आहेत, त्यामुळे बिनधास्त लिहितो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बोच्या मधल्या दांड्याला, म्हणजे रायझरला, वर आणि खाली जी वाकणारी पाती असतात त्यांना लिंब म्हणतात (आमच्याकडे पहिल्या दिवशी यावर लिंबूसरबताचे सगळे जोक होऊन गेलेत). प्रत्येक लिंब एका मोठ्या बोल्टनं रायझरला धरलेलं असतं. बोल्ट आवळला की लिंब जास्त ताणलं जातं आणि वजन वाढतं, सैल केला की उतरतं. बस, तत्त्व एवढंच.

आता चूक नंबर एक. वरचा बोल्ट हलेचना. मी म्हटलं बरेच दिवस कोणी हात लावला नसेल, जरा जोर लावू. लावला. की घसरली आणि बोटाचं सालटं निघालं. मग मॅन्युअल शोधून वाचलं, जे आधी वाचायला हवं होतं, तर माझ्या मॉडेलमध्ये लिंब पॉकेटच्या (लिंब बसतं त्या खाचेच्या) बाजूला एक बारका लॉक स्क्रू आहे, तो आधी सैल करायचा आणि मगच मोठ्या बोल्टला हात लावायचा. सगळ्या बोमध्ये तो नसतो, पण आहे की नाही हे बघितल्याशिवाय जोर करू नका, बोल्टचं डोकं खराब झालं तर मग काही खरं नाही.

चूक नंबर दोन जास्त महाग पडली असती. वरचा बोल्ट घड्याळाच्या उलट फिरवत गेलो, मजा येत होती, मध्येच फोन आला, आणि परत आलो तेव्हा तीन फेरे झाले की चार ते आठवेना. खालच्याला तर हातच लागला नव्हता. दोन्ही लिंबं सारखीच सैल व्हायला लागतात, नाहीतर एक जास्त वाकतं आणि एक कमी, स्ट्रिंगवरचा नॉक पॉइंट, म्हणजे दोरीवर बाण अडकवायची जागा, हलतो, बाण सरळ निघतच नाही. आणि किती फेरे सैल करायचे याला मर्यादा असते, माझ्या बोला पाच. त्यापुढे गेलं तर बोल्टचे फार थोडे आटे रायझरमध्ये उरतात आणि ताणातलं लिंब सुटून येऊ शकतं. हे वाचल्यावर मी बो हळूच टेबलावर ठेवला आणि पाणी प्यायलो.

उपाय साधा निघाला. अंदाजानं पुढे जाण्यापेक्षा दोन्ही बोल्ट आळीपाळीनं परत पूर्ण आवळले, जिथं आपसूक थांबतात तिथपर्यंत, आणखी रेटून नाही. ती झाली शून्याची जागा. मग भाचीचं नेलपेंट घेऊन दोन्ही बोल्टच्या डोक्यावर एकेक ठिपका दिला आणि कागद घेतला. अर्धा फेरा वर, अर्धा फेरा खाली, कागदावर रेघ. परत अर्धा वर, अर्धा खाली, रेघ. फोन बंद.

दुसऱ्या संध्याकाळी सुरुवातीलाच लक्षात आलं की ड्रॉ लेंथ आपण बघितलेलीच नाही. हात आडवे पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत इंचात मोजायचं आणि अडीचनं भागायचं, हा ढोबळ हिशोब. तिचे आले 55, म्हणजे 22 इंच. बो होता 25 वर! म्हणजे पोरगी वजनाशी तर झगडत होतीच, वर तिच्या हाताला न पुरणाऱ्या लांबीशीही झगडत होती आणि मी सगळा दोष वजनाला देत होतो. कॅमवरचे, म्हणजे टोकाच्या चाकांवरचे, लांबी ठरवणारे मॉड्यूल स्क्रू काढून दोन्हीकडे सारख्या आकड्यावर बसवले, या बोला त्यासाठी प्रेस (लिंबं दाबून धरायचं यंत्र) लागत नाही. लांबी कमी केली की कमाल वजनही थोडं उतरतं, त्यामुळे आधी लांबी आणि मग वजन हाच क्रम बरोबर, मी उलटा केला होता आणि आदल्या दिवशीच्या रेघा फुकट गेल्या.

वजन मोजायला बो स्केल नव्हता, सामान तोलायचा हुकवाला डिजिटल काटा वापरला. काटा वर पक्का टांगला, हुक डी-लूपमध्ये, म्हणजे दोरीवर बांधलेल्या छोट्या फासात, अडकवला आणि बो ग्रिपला धरून खाली ओढला. आकडा वाढत वाढत जातो आणि मग एकदम पडतो, पडायच्या आधीचा सगळ्यात मोठा आकडा म्हणजे ड्रॉ वेट. तो नुसत्या डोळ्यांनी पकडता येत नाही, भाचीला फोनवर व्हिडिओ काढायला लावला. काटा किलोत दाखवतो, म्हणून 2.2 नं गुणलं. पूर्ण आवळलेला असताना 28 पाउंड, दोन फेऱ्यांनी 23, चार फेऱ्यांनी 18. म्हणजे फेऱ्याला अडीच पाउंड. प्रत्येक बोचं हे वेगळं असतं, माझा आकडा उचलू नका.

आता खरी गंमत. 23 ला ती ओढायची, पण बो आकाशाकडे उचलून आणि कंबरेतून मागे वाकून, ज्यात चुकून रिलीज (दोरी धरून सोडणारं ट्रिगरवालं साधन) दाबला गेला तर बाण कुठे जाईल देव जाणे. ते बाद. 18 ला मात्र खुर्चीवर बसून, बो समोर सरळ धरून, आरामात ओढला. मी खूश, म्हटलं झालं आपलं काम. मग मी म्हटलं आता बाण सोडू नकोस, तसाच परत आण. आणि बोनं तिला खांद्यातून असा हिसका दिला की ती खुर्चीतून पुढेच आली.

यामागचं कारण असं की कंपाउंडमध्ये वजन सगळ्यात जास्त वाटेत लागतं, शेवटाला नाही. पूर्ण ओढल्यावर कॅम फिरलेले असतात आणि आमच्या बोमध्ये 70 टक्के वजन गळून पडतं, म्हणजे 18 चा बो हातात पाच-साडेपाचच लागतो. पोरांना वाटतं किती हलका. पण परत आणताना तेच गेलेलं वजन एका झटक्यात अंगावर येतं, तेही हात थकलेले असताना. आणि परत आणता यायलाच हवं, कारण समोर कोणी आलं, साइट (बोवरचं नेम धरायचं साधन) हलली, मन झालं नाही, तर थांबता आलं पाहिजे. ज्याला परत आणता येत नाही तो घाबरून सोडूनच देतो. माझ्या मते बो ओढता येतो का ही परीक्षाच अर्धी आहे.

एक सांगायचं राहिलं, ही सगळी परीक्षा टार्गेटसमोर अगदी जवळून, बाण लावून आणि बोट ट्रिगरच्या मागे ठेवून केली. बाणाशिवाय दोरी सुटली तर सगळी ताकद बोच्याच अंगात जाते, लिंबाला तडा, स्ट्रिंग तुटणं, काहीही होतं.

मग पाचवा फेरा, म्हणजे मर्यादेवर. काट्यावर 16 च्या आतबाहेर. आता तिनं ओढला, दहा आकडे मोजले, परत आणला, हिसका नाही. बारा बाण मारायला लावले आणि माझं लक्ष टार्गेटकडे नव्हतंच, शेवटच्या तीन बाणांना खांदा वर जातोय का एवढंच बघत होतो. नाही गेला. लॉक स्क्रू परत आवळले, कागद बोच्या केसमध्ये टाकला. वजन उतरल्यामुळे बाण सगळे खाली पडायला लागले होते, म्हणून साइटची पिन खाली घेतली. उलटं वाटतं, पण बाण जिकडे जातो तिकडेच पिन न्यायची.

तिला मात्र आवडलं नाही. रेंजवरचा एक मुलगा 30 ओढतो म्हणे. मी म्हटलं ओढू दे.

दोन महिन्यांनी स्वतःच कागद घेऊन आली, मामा अर्धा फेरा वाढवू या का. आधी परत आणून दाखव म्हटलं. तीनदा दाखवला, एकदम शांतपणे. मग ॲलन की तिच्याच हातात दिली. वरचा अर्धा फेरा आवळून झाल्यावर मी रेघ मारायला पेन शोधत होतो तर म्हणते, थांब ना, खालचा राहिलाय.

पिन परत हलवावी लागली, वर.