आमची वाटचाल: हजेरीपासून विचारपूशीपर्यंत

दारव्ह्यात आमचा धंदा कॉलेजांना हजेरी आणि फीचं सॉफ्टवेअर पुरवण्याचा. सलग गैरहजर राहणारी पोरं आमच्या स्क्रीनवर दिसायची, पण त्यांच्या घरी मेसेज जायचा तो फक्त फी थकल्याचा. यवतमाळ जिल्ह्यात राहून हे खटकणारच.

अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात २०१३ साली ४८ विद्यार्थ्यांच्या फोनमधून १० आठवडे झोप, हालचाल, बोलणं टिपलं होतं. नैराश्याच्या प्रश्नावलीशी त्याचा मेळ दिसला. तिथून सुरुवात करून पोरांची उदासी फोनवरून ओळखणारं ॲप आम्ही करायला घेतलं, पण ते गणित इथं जसंच्या तसं बसेना. आर्णीकडच्या एका पोराचा फोन रात्री दोनपर्यंत चालू दिसे. विचारलं तर म्हणे, "सर, रातच्याला लाइन येते तं बाबा मोटर सुरू कराले जाते, बॅटरीसाठी माहाच मोबाईल नेते." दिवाळीनंतर कापसाची वेचणी लागली की पोरी पहाटे उठणार, कॉलेजला दांडी मारणार. मशीनच्या लेखी झोप बिघडली, हालचाल बदलली!

म्हणून आधी होस्टेलची पोरं घेतली, कारण तिथं फोन ज्याचा त्याच्याकडे. तुलना प्रत्येकाची स्वतःशीच. मायक्रोफोन घेतलाच नाही. सुट्टीत पोरगा घरी गेला की तिथं कर्जाची बोलणी चालतात, ती आम्ही का ऐकावी? फरक दिसला तर ॲप पीएचक्यू-९ या नैराश्याच्या प्रश्नावलीचे नऊ प्रश्न विचारतं, गेल्या दोन आठवड्यांबद्दल. २७ पैकी १० किंवा जास्त गुण आले तर समुपदेशक फोन करतात. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा; तिथं 'अजिबात नाही' सोडून काहीही उत्तर आलं की गुण न बघता त्याच दिवशी फोन. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा २४ तास चालणारा मोफत नंबर पहिल्याच पानावर आहे.

खरी ओढाताण झाली ती समुपदेशकांचा फोन गेलेल्या पोरांच्या यादीवरून. "कोणकोण आहेत, नावं द्या," असं एका कॉलेजानं सांगितलं. आम्ही नाही म्हटलं, त्यांनी हजेरीचंही काम काढून घेतलं. नावं ऑफिसात गेली की गावात जायला कितीसा वेळ! अकरावी-बारावीत गरज जास्त आहे हे मान्य, पण २०२३ चा डेटा संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्यांवर पाळत ठेवण्याबाबत कडक आहे, तेव्हा तूर्त ती पोरं नाहीत.

पगार अजून हजेरीच्या सॉफ्टवेअरवरच निघतात. यंदा वेचणीच्या आधी होस्टेलच्या रेक्टरांना बसवून शिकवायचं ठरलंय: पोरगं गप्प दिसलं तर काय विचारायचं, आणि मार्कांचा विषय का काढायचा नाही.