शेल्फवरच्या प्रत्येक खोक्याचं वय

गेल्या आठवड्यात स्टॉक मोजायला बसलो होतो आणि सगळ्यात खालच्या रॅकमध्ये, ट्रायपॉडच्या खोक्यांमागे, एक्सडी कार्डांचं एक सीलबंद कार्टन सापडलं. ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, एक्सडी म्हणजे ऑलिंपस आणि फुजीफिल्मनी २००२ मध्ये आणलेलं मेमरी कार्ड, अंगठ्याच्या नखाएवढं, आणि चालायचं ते जवळपास या दोघांच्याच कॅमेऱ्यांत. पुढे दोघांनीही एसडी कार्ड धरलं आणि एक्सडीचा विषय संपला. कार्टनवर मार्करने तारीख लिहिलेली, अक्षर माझंच. स्कीम चालू होती म्हणून जास्तीची दोन कार्टन उचलली होती, एक गेलं, एक राहिलं. ते हातात घेऊन बराच वेळ तिथेच बसलो आणि वाटलं की या धंद्याबद्दल एकदा नीट लिहावं.

मी फोटोच्या मालाच्या होलसेलमध्ये वीसेक वर्षं आहे. बाहेरच्या माणसाला वाटतं कॅमेरे विकतोय म्हणजे मजबूत सुटत असणार. कॅमेऱ्यात फार काही सुटत नाही, खरंच नाही. बॉडीवर, म्हणजे लेन्सशिवायच्या नुसत्या कॅमेऱ्यावर, मार्जिन अगदी पातळ, त्यात भांडवल अडकतं, वर रिटेलर उधारीवर नेणार आणि मधेच कंपनीने भाव उतरवला की हातातल्या मालाचा फरक कोण सोसणार यावर महिनाभर फोनाफोनी. घर चालतं ते बॅटरी, चार्जर, फिल्टर, सॉफ्टबॉक्स, लाइट स्टँड, इंकजेट पेपर, अल्बमची पानं असल्या मालावर. कॅमेरा गिऱ्हाईक आणतो आणि बाकीचा माल पगार काढतो, असं आमचे मालक म्हणायचे. पण त्यांची अजून एक सवय होती जी मला जास्त महत्त्वाची वाटते. नवीन माल आला की भाव विचारायच्या आधी विचारायचे, "याचं वय किती?"

तेव्हा कळायचं नाही. मी लागलो तेव्हा मला पहिलं काम दिलं कोल्ड रूमचं, रोज सकाळी तापमान वहीत लिहायचं आणि फिल्मच्या खोक्यांवरच्या एक्स्पायरी तारखा बघून जुना माल पुढे, नवा मागे लावायचा. फिल्म म्हणजे जिलेटिनमध्ये बसवलेले चांदीच्या क्षारांचे कण, आणि ते कण डब्यात बंद असताना सुद्धा हळूहळू बदलत असतात. कलर फिल्ममध्ये तर तीन रंगांचे थर आणि तिघं सारख्या वेगाने म्हातारे होत नाहीत, म्हणून जुन्या रोलवर एखादा रंग झुकलेला दिसतो. थंडीत ठेवलं की हे सगळं मंदावतं, १३ अंशांच्या खाली ठेवा असं कोडॅक सांगायची, कलर पेपर, म्हणजे प्रिंट काढायचा कागद, त्याहून थंड. पण ३२०० आयएसओची, म्हणजे अगदी कमी उजेडात चालणारी फिल्म कितीही गारठ्यात ठेवा, अवकाशातून येणारं रेडिएशन तिच्यापर्यंत पोचतंच आणि तिच्यावर धुकं, म्हणजे करडी झाक, चढतंच. त्यामुळे ती कधी साठवायची नाही, लागेल तेवढीच मागवायची.

आणि नुसती थंडी पुरत नाही. गोदामात डांबरगोळ्या चालत नाहीत, ताजा रंग चालत नाही, नव्या प्लायवूडचा वास सुद्धा चालत नाही, कारण त्यातल्या गोंदातून फॉर्माल्डिहाइड सुटतं आणि फिल्मवर त्याचा परिणाम होतो. थंडीतून काढलेलं खोकं लगेच उघडायचं नाही, दव धरतं, रोलला दोन-तीन तास तरी द्यायचे आणि पेपरचा मोठा रोल असेल तर रात्रभर. हे रिटेलरला समजावणं हा आमच्या कामाचा भाग होता, कोणी ऐकायचे, कोणी थेट काउंटरवर उन्हात मांडायचे आणि मग तक्रार आमच्याकडे.

त्या काळातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे बॅच नंबर. पेपरच्या आणि फिल्मच्या खोक्यावर इमल्शन नंबर, म्हणजे त्यावरच्या रसायनाच्या थराचा बॅच नंबर, छापलेला असायचा, आणि ज्या लॅबवाल्याला आपलं काम कळायचं तो फोनवर आधी तोच विचारायचा. कारण बॅच बदलली की रंग थोडा सरकतो, एन्लार्जरचं, म्हणजे निगेटिव्हवरून प्रिंट काढायच्या यंत्राचं, फिल्टर सेटिंग परत बसवावं लागतं, टेस्ट प्रिंट वाया जातात. म्हणून तो म्हणायचा, या नंबरचे जेवढे रोल आहेत तेवढे माझ्या नावाने बाजूला ठेवा, मी दर आठवड्याला थोडे थोडे नेतो. त्याचा माल आमच्या कोल्ड रूममध्ये पडून राहायचा पण त्या माणसाचं गिऱ्हाईक दुसरीकडे जायचं नाही आणि त्यामुळे तोही आमच्याकडून दुसरीकडे जायचा नाही. असले संबंध नुसत्या सवलतीने जुळत नाहीत.

चांदीचं पण सांगतो. १९८० च्या जानेवारीत चांदीचा भाव जगभर आभाळाला भिडला आणि २७ मार्चला कोसळला, तेव्हाची धावपळ मालकांनी पाहिली होती, फिल्म आणि पेपर महागणार म्हणून जो तो माल दाबून ठेवत होता. दुसऱ्या टोकाला लॅबच्या वापरलेल्या फिक्सरमधून, म्हणजे फिल्म धुवायच्या एका द्रावणातून, चांदी परत काढणारे लोक होते. कलर प्रोसेसमध्ये शेवटी फोटो नुसत्या रंगद्रव्याचा उरतो, चांदी सगळीच्या सगळी द्रावणात उतरते, त्यामुळे मोठ्या लॅबला ते पाणी ओतून देणं परवडायचंच नाही.

मग डिजिटल आलं, ती गोष्ट सगळ्यांना माहितीये. २००८ मध्ये पोलरॉइडने इन्स्टंट फिल्म बंद केली, २०१२ च्या जानेवारीत कोडॅक दिवाळखोरीत गेली. कोल्ड रूम अर्धी बंद केली तो दिवस मला अजून आठवतो, कॉम्प्रेसरचा आवाज थांबला आणि गोदाम एकदम वेगळंच वाटायला लागलं. कोणाला वाटेल आता वयाची भानगड मिटली, डिजिटल माल काय नासतोय? तो फिल्मपेक्षा लवकर जुना होतो. फिल्मवर निदान तारीख छापलेली असते, कॅमेऱ्याची तारीख दुसऱ्याच कोणाच्या तरी लाँचला ठरते.

माउंटचं, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जिथे बसते त्या जोडाचं, उदाहरण घ्या. १९८७ मध्ये कॅननने एफडी माउंट सोडून ईएफ आणलं, आणि जुन्या लेन्स नव्या बॉडीवर सरळ बसेनात, अॅडॅप्टर लावला तर एक तर मधे जादा काच किंवा लांबचं फोकसच मिळायचं नाही. ज्यांच्याकडे एफडीचा भरपूर स्टॉक होता ते अडकले. मालक हे सांगताना आवाज खाली आणायचे, अजूनही दुखत असल्यासारखा. त्यामुळे २०१८ मध्ये निकॉनने झेड आणि कॅननने आरएफ हे नवे माउंट काही आठवड्यांच्या अंतराने जाहीर केलं तेव्हा मी पहिल्याच दिवशी लेन्सची यादी काढून बसलो. कॅननचं सोपं होतं, ईएफ लेन्स अॅडॅप्टरवर व्यवस्थित चालतात, म्हणून तो माल मी निवांत विकला. निकॉनच्या एएफ-डी लेन्समध्ये मात्र फोकसची मोटर नसते, ती बॉडीत असते, आणि निकॉनच्या एफटीझेड अॅडॅप्टरमध्येही ती मोटर नाही, म्हणजे झेड बॉडीवर ऑटोफोकस गेला. त्या लेन्स मी त्याच महिन्यात कमी भावात काढून टाकल्या. एक-दोघांनी वेड्यात काढलं, पण मला एक्सडीचं कार्टन नाही म्हटलं तरी आठवत असणार.

उलटंही होतं, माल हवा असतो आणि येतच नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये थायलंडच्या पुरात अयुथयामधला निकॉनचा कारखाना पाण्यात गेला आणि ज्या बॉडी आम्ही सगळ्यात जास्त विकायचो, नवशिक्यांच्या, नेमक्या त्याच तिथे बनायच्या. एप्रिल २०१६ मध्ये कुमामोतोच्या भूकंपात सोनीचा सेन्सरचा, म्हणजे कॅमेऱ्यात फोटो टिपणाऱ्या चिपचा, कारखाना बंद पडला, तेव्हा कळलं की खोक्यावर नाव कोणाचंही असो, आतला सेन्सर बऱ्याचदा एकाच ठिकाणाहून येतो. अशा वेळी आलेला थोडका माल कोणाला द्यायचा हा प्रश्न फार वाईट. जास्त भाव देणारा लगेच मिळतो. पण वर्षभर वेळेवर पैसे देणारा छोटा दुकानदार रिकाम्या हाताने परत पाठवला की तो ते कधीच विसरत नाही, आणि विसरूही नये. मी त्या दोन्ही वेळेला वाटून दिला, सगळ्यांना थोडा थोडा, आणि कोणालाच पुरला नाही.

बॅटरीबद्दल दुकानदारांचा कायम एक प्रश्न असतो, नवी बॅटरी अर्धवट चार्ज का येते, वापरलेली दिलीत का? १ एप्रिल २०१६ पासून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून कार्गो म्हणून नेता येत नाहीत, मालवाहू विमानातून न्यायच्या तर चार्ज ३० टक्क्यांच्या वर असून चालत नाही. म्हणून ती अर्धवट येते. आणि म्हणूनच ती दोन-तीन वर्षं शेल्फवर ठेवायची वस्तू नाही, आधीच कमी असलेला चार्ज हळूहळू उतरत जातो आणि एका पातळीच्या खाली गेली की आतलं सर्किट तिला बंद करून टाकतं. खोकं कोरं करकरीत आणि आत बॅटरी मेलेली. आम्ही खोक्यावर आलेला महिना लिहितो, फिल्मला लिहायचो तसाच.

एक गोष्ट सांगताना अजून घशाशी येतं. काही वर्षांपूर्वी एका सप्लायरकडून मेमरी कार्डांचा लॉट घेतला, पॅकिंग अगदी बरोबर, सील बरोबर, भाव थोडा कमी. एका लग्नाच्या फोटोग्राफरने ६४ जीबीचं कार्ड परत आणलं, सकाळचे विधी दिसत होते, पुढचं काहीच उघडत नव्हतं. कार्ड आतून ८ जीबीचं होतं, कंट्रोलर कॅमेऱ्याला ६४ सांगत होता, ८ भरल्यावर फायली नुसत्या नावाला दिसत होत्या. मी त्याला पैसे परत दिले पण त्या लोकांचं लग्न मी कुठून परत देणार? त्या दिवसापासून कुठलाही लॉट आला की प्रत्येक पेटीतली काही कार्डं काठोकाठ भरून परत वाचून बघतो, वेळ जातो, माणूस अडकतो, तरी करतो. आणि कंपनीच्या अधिकृत साखळीबाहेरचा ग्रे माल कितीही स्वस्त असला तरी घेत नाही, सीरियल नंबर सर्व्हिस सेंटरने नाकारला की शेवटी तोंड दुकानदाराला द्यावं लागतं.

२०१० मध्ये जगभरात १२ कोटींवर डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले होते, २०२० मध्ये ९० लाखही नाहीत. एवढं आकसून सुद्धा आम्ही आहोत, आणि गंमत म्हणजे कोल्ड रूमचा कॉम्प्रेसर परत चालू केलाय कारण पोरं फिल्म मागतायत आणि ती पुरत नाही, आली की आठवड्यात संपते.

आणि ते एक्सडीचं कार्टन. स्टॉक मोजून झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी एका दुकानदाराचा फोन, म्हणे कॉलेजची मुलं घरातले जुने छोटे कॅमेरे काढतायत, तसलं कार्ड कुठे मिळेल का. कार्टन उघडलं. गोदामातला एक जुना फुजीचा कॅमेरा चार्ज करून एकेक कार्ड त्यात टाकून तपासतोय, निम्मी झालीत. यातली काही एम टाइपची आहेत, ती सुरुवातीच्या काही कॅमेऱ्यांत चालत नाहीत, म्हणून त्याला आधी कॅमेऱ्यांचे मॉडेल नंबर पाठवायला सांगितलेत.